डोक्याचा मार आणि पेन्शनचा कागद

सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात घरटी एक माणूस फौजेत असलेली गावं आहेत. एखादा जवान पाय गमावून घरी आला, तर त्याचं दुःख साऱ्या गावाला दिसतं. पण मार डोक्याला बसला असेल तर? टाके निघतात, केस उगवतात. माणूस धडधाकट दिसतो. आतली इजा मात्र कुणाला दिसत नाही.

आपण एका घराचं उदाहरण घेऊ. घरधनी फौजेत होता. कामावर असताना सरकारी गाडी उलटली आणि त्याच्या डोक्याला मार बसला. पुढे तो घरी आला. आता त्याला बाजाराला पाठवलं, तर काय आणायचं ते तो विसरतो. भांडं पडलं तरी चिडतो. रात्र रात्र झोप नाही. एक दिवस शेतात त्याला फिट आली. शेजारीण म्हणाली, "वहिनी, बाहेरचं काही असेल. देवऋष्याला दाखवा."

बायको म्हणाली, "नाही हो. हे आधी असे नव्हते. अपघात झाला, तेव्हापासून असे झालेत."

तिचंच बोलणं खरं होतं. गोटा झालेला नारळ हलवून पाहा. आतलं खोबरं करवंटीवर आदळतं. जोराचा हिसका बसला, की मेंदूही कवटीवर तसाच आदळतो. त्याने डोकं दुखतं, चक्कर येते, आठवण जाते, स्वभाव बदलतो. फिट तर कधी महिन्यांनी, कधी वर्षांनीही सुरू होते. हे सोंग नाही, वेड नाही आणि बाहेरची बाधाही नाही. हे दुखणं आहे. त्याला डॉक्टर हवा.

अशा जवानासाठी सरकारने अपंगत्व पेन्शन ठेवली आहे. ती मंजूर करताना मुख्यतः दोन गोष्टी पाहतात. पहिली गोष्ट: दुखणं नोकरीमुळे झालं का, किंवा नोकरीमुळे वाढलं का? दुसरी गोष्ट: अपंगत्व किती टक्के आहे? साधारणपणे ते २० टक्के किंवा जास्त लागतं. हे दोन्ही लष्करी डॉक्टरांचं मंडळ तपासून लिहितं. रजेवर घरी असताना खासगी कामात अपघात झाला, तर नोकरीशी संबंध दाखवणं कठीण जातं. असा एक दावा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली फेटाळला.

थोडा हिशेब करू. नोकरीत झालेल्या साध्या दुखापतीला १०० टक्के अपंगत्व असेल, तर या पेन्शनचा अपंगत्वाचा भाग शेवटच्या पगाराच्या ३० टक्के धरतात. शेवटचा पगार ४०,००० रुपये असेल, तर हा भाग १२,००० रुपये होतो. अपंगत्व ५० टक्के धरलं, तर ६,००० रुपये होतो. औषध आणि मुलांची शाळा यांना तो मोठा आधार आहे.

पण पुष्कळांना उत्तर येतं, "दुखण्याचा नोकरीशी संबंध नाही." पत्रावर शिक्का असतो. घरचे म्हणतात, "सरकारनेच नाही म्हटलं, आता काय?" आणि पत्र पेटीत पडून राहतं. तसं करू नये. नकाराचं पत्र म्हणजे शेवट नव्हे.

धरमवीर सिंग यांची हकिगत ऐका. ते सिग्नल दलात शिपाई होते. १९८५ साली भरती झाले. त्यांना फिट येऊ लागल्या, म्हणून १९९४ साली त्यांना घरी पाठवलं. अपंगत्व २० टक्के लिहिलं, पण नोकरीशी संबंध नाही म्हणून पेन्शन नाकारली. ते थांबले नाहीत. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायालय म्हणालं, भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर माणूस तेव्हा निरोगी होता असं धरावं. संबंध नाही हे दाखवण्याचं ओझं जवानावर नाही. मंडळाने नुसतं "नाही" लिहून भागत नाही, कारण लिहिलं पाहिजे. शंका उरली, तर तिचा फायदा जवानाला मिळावा.

हा निकाल तेव्हाच्या नियमांवरचा आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले. म्हणून जवान फौजेतून कधी सुटला, ती तारीख आधी पाहावी.

दाद मागायची वाट अशी आहे. आधी खात्याकडे अपील करावं. ते फेटाळलं, तर दुसरं अपील करावं. तिथेही नकार आला, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जावं. त्याचा कायदा २००७ सालचा आहे. मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. शेवटच्या नकारानंतर सहा महिन्यांत तिथे अर्ज करायचा असतो. उशीर झाला तरी विचारून पाहावं, पण उशिराने नुकसान होतं. एका जवानाने सोळा वर्षांनी कोर्टात दाद मागितली. २००८ सालच्या निकालाने त्याची पेन्शन टिकली, पण थकबाकी सुमारे तीन वर्षांचीच मिळाली.

अर्ज कसा लिहावा, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. स्त्रियांना आणि अपंगांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळू शकतो.

आता कागदांचं पाहू. अपघाताचा अहवाल, दवाखान्याचे कागद, मंडळाचा निकाल आणि नकाराचं पत्र, हे सारे एका पिशवीत ठेवा. जवान किती वेळ बेशुद्ध होता, ही नोंद कागदात शोधा. मूळ कागद हातचा सोडू नका, नक्कल द्या.

आणखी एक कागद तुम्हीच तयार करू शकता. डॉक्टर माणसाला घटकाभर पाहतो. घरचं माणूस त्याला रात्रंदिवस पाहतं. म्हणून एक वही करा. तारीख घाला आणि पाहिलं तेवढंच लिहा:

"५ जून. दूध आणायला गेले. परतताना घर चुकले."
"१२ जून. रात्री फिट आली. नंतर तासभर बोलले नाहीत."

अक्षर वेडंवाकडं असलं तरी चालेल. ही वही डॉक्टरला दाखवा, अर्ज लिहिणाऱ्यालाही दाखवा. ज्या हाताने काल अंगठा उठवला, त्याच हाताने आज लिहिलेली ओळ घरच्या माणसाच्या उपयोगी पडेल.

प्रश्न
१. डोक्याला मार बसल्यावर कोणकोणते त्रास होऊ शकतात?
२. पेन्शनसाठी कोणत्या दोन गोष्टी पाहतात?
३. नकाराचं पत्र आलं तर पुढे काय करावं?
४. वर दाखवलेल्या वहीसारख्या दोन ओळी तारीख घालून लिहा.