क्रॉनची परवानगी कोणाला?

प्रश्न : आमच्या बुकिंगच्या लिनक्स सर्व्हरवर काम सोडून गेलेल्या मुलाने लावलेलं क्रॉन अजून चालतं. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, तरी पर्यटकांना ‘उद्या जेटीवर या’ असे मेसेज जातात. ‘क्रॉन.डिनाय’मध्ये त्याचं नाव घालूनही थांबेना. (एक वाचक, मालवण)

उत्तर : ती फाइल फक्त ‘क्रॉनटॅब’ कमांड कोणी वापरायची ते ठरवते, आधी लावलेली कामं चालूच राहतात. रूट म्हणून ‘क्रॉनटॅब -यू’, पुढे त्याचं युजरनेम आणि ‘-एल’ देऊन कामं बघा, प्रत काढून ठेवा. मग ‘-एल’ऐवजी ‘-आर’. जपून, ते न विचारता सगळंच पुसतं. यापुढे ‘क्रॉन.अलाऊ’ ठेवा, एका ओळीत एक नाव. ती असली की ‘डिनाय’ बघितलीच जात नाही. ‘अ‍ॅट’ कमांडसाठी मात्र ‘अ‍ॅट.अलाऊ’ वेगळी करावी लागते.