गॅस गीझरची धूरनळी : निवड व दक्षता

मोहालीच्या कडाक्याच्या थंडीत स्नानगृहाची दारे-खिडक्या बंद राहतात आणि गॅस गीझरचा कार्बन मोनॉक्साइड वायू आतच साठतो. त्यास रंग नाही, वासही नाही. प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्टपणे तो हिमोग्लोबिनला चिकटतो. म्हणूनच तो प्राणघातक ठरतो.

गीझर स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. धूरनळी कडक धातूची, आतून गुळगुळीत, कमीत कमी वळणांची असावी व तिचे तोंड घराबाहेर उघडावे. प्लास्टिकची नळी उष्णतेने वितळते. लवचीक नळीच्या चुण्यांत पाणी साचते. एक्झॉस्ट पंखा हा धूरनळीस पर्याय नव्हे. तो धूर उलट आत ओढू शकतो.

डोकेदुखी, चक्कर वा मळमळ जाणवताच तत्काळ मोकळ्या हवेत यावे व १०८ क्रमांकावर संपर्क साधावा.