नियमपुस्तकांची शुद्धिपत्रे सांभाळताना

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांच्या पुस्तकांना शुद्धिपत्र निघते ते दोन कारणांनी. कधी छपाईत काही चुकलेले असते, किंवा वाक्य भलत्याच अर्थाने वाचले जात असते. कधी मात्र नियम लेखकाने लिहिला तसाच छापलेला असतो, पण असंख्य टेबलांवर खेळला गेल्यावर तो खेळ बिघडवतो असे दिसते. पहिल्या प्रकाराने कोणाचे फारसे अडत नाही. घोटाळा होतो तो दुसऱ्याने, कारण हातातले पुस्तक नुसते जुने झालेले असते आणि ते उघडून पाहिले तरी हे कळत नाही.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतला ‘हीलिंग स्पिरिट’ हा मंत्र याचे ठळक उदाहरण. तो नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग’ या पुस्तकात आला. मंत्र दुसऱ्या पातळीचा, एक मिनिट म्हणजे दहा फेऱ्या टिकणारा. मंत्राने प्रकटलेला आत्मा ज्या जागेत उभा असेल तिथे शिरणाऱ्याला एका पाळीत एकदा, सहा बाजूंच्या एका फाशावर पडतील तितके हिट पॉइंट परत मिळत; असे किती वेळा, याला मर्यादा नव्हती. लढाई संपल्यावर चौघांनी दहाही फेऱ्या त्या जागेतून ये-जा केली की चाळीस फासे होतात, सरासरी १४० पॉइंट. २०२० च्या शुद्धिपत्राने संख्या बांधून दिली: मंत्र टाकणाऱ्याच्या मंत्रक्षमतेच्या मॉडिफायरपेक्षा एक जास्त, किमान दोनदा. मॉडिफायर चार असला तर पाच फासे, सरासरी साडेसतरा पॉइंट.

जुनी प्रत घेऊन बसलेला ड्रुइड आणि नवा मजकूर वाचून आलेला डंजन मास्टर समोरासमोर आले की दोघेही पुस्तकावर बोट ठेवून खरेच बोलत असतात. अनुभव असा की हा वाद मंत्रापुरता राहत नाही. ज्याने आपले पात्र त्या मंत्राच्या भरवशावर घडवले, त्याला ऐन संकटात आपल्यावर अन्याय झाला असे वाटते, आणि ते वाटणे चुकीचे नसते. म्हणून कॅम्पेन सुरू होण्यापूर्वीच प्रत्येकाची प्रत तपासावी. बऱ्याच पुस्तकांत श्रेयनामावलीच्या पानावर उतरत्या आकड्यांची ओळ असते. तिच्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे त्या प्रतीची छपाई. मुखपृष्ठ आणि नाव तेच असले तरी मजकूर तोच असतो असे नाही.

दुसरी गल्लत अधिकाराची. शुद्धिपत्र नियम बदलते; खुलासा आहे त्या नियमाचा अर्थ सांगतो; आणि नियमकर्त्याचे जाहीर मत हा फक्त सल्ला असतो. ‘ड्रॅगन’ मासिकात १९७९ पासून ‘सेज अॅडव्हाइस’ हे शंकासमाधानाचे सदर येत असे. त्याच नावाच्या पुढच्या अधिकृत संकलनात २०१९ मध्ये स्पष्ट झाले, की तेव्हाचे मुख्य नियमरचनाकार जेरेमी क्रॉफर्ड यांची ट्वीटे अधिकृत निर्णय नाहीत. तोवर कित्येक टेबलांवर एखादे ट्वीट दाखवून वाद मिटवले जात होते. निर्णय कोणत्या पायरीवरचा आहे हे त्याच्याशेजारीच लिहून ठेवलेले बरे.

डिजिटल प्रतींना अधिक जपावे लागते. छापील पुस्तक निदान कालचे आज बदलत नाही. डिजिटल मजकूर जागच्या जागी बदलतो. डिसेंबर २०२१ मध्ये ‘व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स’मधले काही राक्षसवंशांचे वर्णनपर परिच्छेद असेच काढले गेले. ते काढणे योग्य होते की नाही हा वेगळा प्रश्न; पण त्यांच्या आधारे कथानक रचणाऱ्याला मूळ मजकूर त्या डिजिटल प्रतीत पुन्हा सापडत नाही. ज्या नियमावर किंवा वर्णनावर कॅम्पेन उभे आहे, त्याचे टिपण तारखेसह स्वतःकडे हवे.

नोंदवही साधीच पुरते: पुस्तकाचे नाव, छपाई, शुद्धिपत्राची तारीख, बदललेल्या नियमाचा पानक्रमांक आणि या टेबलाने तो स्वीकारला की नाही. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच रिकामा राहतो. पुस्तकात पेन्सिलीने खूण करून वहीतला क्रमांक टाकावा. पूर्ण दुरुस्ती समासात लिहू नये, कारण तीही पुढे बदलू शकते. खेळ रंगात असताना शुद्धिपत्र उघडू नये. नवा बदल दोन सत्रांच्या मध्ये सर्वांना सांगून लागू करावा, आणि ज्याचे पात्र त्याने दुबळे होते त्याला तो मंत्र किंवा क्षमता बदलून घेऊ द्यावी.

नवी आवृत्ती मात्र शुद्धिपत्रात मोडत नाही. २०२४ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये ‘क्युअर वूंड्स’ पहिल्या पातळीला आठ बाजूंचे दोन फासे देतो. २०१४ च्या पुस्तकात एकच होता. त्या एका फाशाला जुन्या पुस्तकातली चूक समजून नवा आकडा तिथे भरला, तर दोन वेगळ्या खेळांचे हिशेब एकत्र होतात. दोन्ही पुस्तके टेबलावर असतील तर मंत्राच्या नावापुढे पुस्तकाचे वर्ष लिहावे, पात्राच्या कागदावरसुद्धा.