किरणोत्सारी द्रव्याचा माग

मे २०२१ मध्ये मुंबईत दहशतवादविरोधी पथकाने सुमारे सात किलो युरेनियम जप्त केले. ते नैसर्गिक असल्याचा निर्वाळा भाभा अणुसंशोधन केंद्राने दिला. अशा युरेनियमात २३५ अणुभाराचा अंश शेकडा ०.७ इतकाच असतो. त्यात साठलेल्या थोरियमवरून शुद्धीकरणाचा काळही काढता येतो. मात्र मूळ खाण वा कारखाना ठरविण्यास परदेशी नमुन्यांची माहिती लागते, आणि ती देण्यास राष्ट्रे कचरतात. खरी अडचण हीच! व्हिएन्नास्थित आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था १९९५ पासून अशा घटनांची नोंद ठेवते.

दिल्लीत मायापुरी येथे २०१० साली भंगारातील कोबाल्ट-६० ने एकाचा बळी घेतला. भंगार केळझरसारख्या गावांतूनही शहराकडे जाते. तीन पात्यांचे किरणोत्सारचिन्ह दिसल्यास वस्तूस हात न लावता लोकांना दूर ठेवावे व पोलिसांना कळवावे.