ती सिस्टर कोणत्या वॉर्डातली?

परिचर्येच्या शिक्षणात रुग्णाचा मान कसा राखावा, हे पहिल्या वर्षापासून शिकवले जाते. डॉक्टरांशी कसे वागावे, नातेवाइकांशी कसे बोलावे, हेही शिकवले जाते. परंतु एका विभागातील परिचारिकेने दुसऱ्या विभागातील परिचारिकेकडे कोणत्या नजरेने पाहावे, हा धडा वर्गात होत नाही. तो विद्यार्थी जेवणाच्या सुट्टीत आणि वसतिगृहाच्या व्हरांड्यात शिकतात, आणि तेथे जे शिकले जाते ते बहुधा ऐकीव असते. मी पूर्वी वॉर्डात काम केले आणि आता नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवते. त्या अनुभवाच्या आधारे हा विषय थोडा तपशिलाने मांडते.

रुग्णालयात प्रत्येक विभागाच्या नावे एक शिक्का तयार असतो. अतिदक्षता विभागातल्या, म्हणजे आयसीयूतल्या सिस्टर शिष्ट. त्यांना यंत्रे कळतात, माणसे कळत नाहीत. थिएटरमधल्यांना रुग्णाशी बोलायचा कंटाळा, म्हणून त्या झोपवलेल्या रुग्णांत रमतात. लेबर रूममधल्या आरडाओरडा करणाऱ्या. मानसोपचार विभागातल्या दिवसभर गप्पा मारणाऱ्या. वृद्धांच्या वॉर्डात काम म्हणजे आयाचे काम. आणि खेड्यात फिरणारी एएनएम? ती तर 'सुई टोचणारी बाई'. मुलगे नर्सिंगला आले की त्यांना न विचारताच मनोरुग्ण विभागात किंवा अपघात विभागात धाडतात. कारण काय, तर अंगात ताकद आहे! यातले एकही वाक्य कोणत्या पुस्तकात नाही, तरी पदविका हाती पडेपर्यंत प्रत्येकाला ते तोंडपाठ झालेले असते.

शिक्के कोठून आले?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५४ मध्ये क्रिमियन युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा केली आणि १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली, तेव्हा परिचारिका ही बव्हंशी एकच जात होती. पुढे वैद्यकाच्या शाखा वाढल्या तशा परिचर्येच्याही वाढल्या. त्याबरोबर एक समजूत रुजली, ती अशी की जेथे यंत्र अधिक तेथे कौशल्य अधिक.

या समजुतीला आयसीयूचा इतिहासच उत्तर देतो. १९५२ मध्ये कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना पुरतील इतकी यंत्रे नव्हती. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांच्या सूचनेवरून घशात नळी घालून रबरी पिशवी हाताने दाबत श्वास देणे सुरू झाले. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, परिचारिकांच्या सोबतीने, रात्रंदिवस रुग्णाच्या उशाशी बसले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. त्यातूनच पुढे १९५३ मध्ये आयसीयूची कल्पना साकार झाली. म्हणजे ज्या विभागाला आपण यंत्रांचा म्हणतो, तो माणसाने माणसाजवळ बसून राहण्यातून जन्मला. आजही तेथील चांगली परिचारिका मॉनिटरच्या आधी रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहते.

आपल्या देशात शिक्क्यांना आणखी एक कारण मिळाले. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन, बी. एस्सी.चा चार. ही पदवी १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाली. शिक्षणाच्या पायऱ्या असणे योग्यच आहे. परंतु त्या पायऱ्या कामाचे महत्त्व मोजण्यासाठी वापरल्या जाऊ लागल्या आणि गोंधळ झाला. दोन वर्षे शिकलेलीचे काम अर्धे, असा हिशेब कोणी मांडला नाही, पण वागण्यात तो उतरला.

आत काय चालते?

माझ्या मते शिक्क्यांचे मूळ एका गोष्टीत आहे. दुसऱ्या विभागाचे काम आपण दाराबाहेरून पाहतो. बाहेरून धावपळ दिसते, आवाज ऐकू येतो. लक्ष ठेवणे, वाट पाहणे, ऐकून घेणे हे दिसत नाही. म्हणून दारातून आत जाऊन पाहू.

मानसोपचार विभागात सिस्टर रुग्णाशी बोलत बसली आहे. बाहेरच्याला त्या गप्पा वाटतात. ती मात्र बोलण्याचा वेग पाहते, रात्री झोप किती झाली ते काढून घेते, जगण्याविषयीचा कंटाळा शब्दांत डोकावतो का ते ऐकते, आणि आत्महत्येचा धोका वाटला तर त्याच बोलण्यातून पहारा वाढवते. रुग्णाला साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पूर्णपणे निषिद्ध केले आहे. खवळलेल्या माणसाला शांत करण्याचे पहिले साधन आता शब्द हेच आहे. ते साधन ताकदीचे नव्हे, अभ्यासाचे आहे.

थिएटरमध्ये सिस्टर बोलत नाही, कारण ती मोजत असते. पोट शिवण्यापूर्वी प्रत्येक गॉज, प्रत्येक सुई, प्रत्येक हत्यार मोजून जुळले पाहिजे. एक कमी भरला तर शस्त्रक्रिया कितीही नामवंत सर्जनची असो, थांबवून शोध घ्यावा लागतो, आणि 'थांबा' म्हणण्याचे धैर्य तिला दाखवावे लागते.

लेबर रूममध्ये मूल बाहेर येताच एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन द्यायचे, पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाचा रंग, नाडी, हालचाल, श्वास, प्रतिसाद पाहून गुण द्यायचे. ही पद्धत व्हर्जिनिया अॅपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी १९५२ मध्ये मांडली. शिवाय आईचा रक्तस्राव डोळ्यांनी अजमावायचा. त्या खोलीत दोन जिवांचे घड्याळ एकाच वेळी चालते. तेथे आवाज चढत असेल तर तो नेहमीच स्वभावाचा दोष नसतो. अर्थात वेणांनी कळवळणाऱ्या बाईवर ओरडणे हा दोषच आहे, आणि त्याला दोषच म्हटले पाहिजे.

आता 'सुई टोचणारी बाई'. सपाट प्रदेशात सुमारे पाच हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र, डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजारांना. खानापूरच्या जंगलपट्टीतली वस्ती डोळ्यांसमोर आणा. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहिली पाहिजे. त्याहून तापली की काही लसी निकामी, काही गोठल्या की निकामी. बर्फाच्या पिशव्या भरलेली पेटी खांद्याला लावून, कोणाचे मूल कोणत्या तारखेचे, कोणती गरोदर बाई माहेरी गेली, हे ध्यानात ठेवून ती फिरते. भारतातला पोलिओचा अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. ज्या रोगामुळे कोपनहेगनला आयसीयू जन्मली, तो रोग आपल्याकडून हद्दपार करण्यात या पेटीचा वाटा फार मोठा आहे. मग श्रेष्ठ कोण? प्रश्नच चुकीचा आहे, हे येथे ध्यानी यावे.

किंमत कोण मोजतो?

कोणी म्हणेल, थट्टा कोठे नसते? ज्युनिअर कॉलेजात सायन्सवाले आर्ट्सवाल्यांना हसतातच. परंतु त्या हसण्याने कोणाचे रक्त तपासायचे राहून जात नाही. रुग्णालयात राहते.

एका मोठ्या रुग्णालयात मी नवी असताना पाहिलेली गोष्ट सांगते. उन्मादाच्या आजारासाठी लिथियम घेणारा एक रुग्ण उलट्या-जुलाबांमुळे मानसोपचार विभागातून आमच्या मेडिसिन वॉर्डात आला. लिथियमची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ या मर्यादेत ठेवावी लागते. शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की ती चढते, आणि दीडच्या वर गेली की विषबाधेची भीती. मानसोपचारच्या सिस्टरने सोबतच्या कागदावर लिहिले होते : 'हाताचा कंप कालपासून वाढला आहे, चालताना झोक जातो, कृपया लिथियमची पातळी पाहावी.' तिने फोनही केला. सकाळच्या पाळीत फोन घेणारीने ठेवता ठेवता म्हटले, "त्यांना काय, गप्पा मारून वेळ जात नाही म्हणून फोन करतात." वॉर्डच्या नोंदीत शेरा पडला : 'मनोरुग्ण, सहकार्य करत नाही.' रुग्णाची जीभ जड होत चालली होती. तीही वेडाचेच लक्षण ठरली.

संध्याकाळी आमच्या ज्येष्ठ सिस्टरांनी ओव्हर घेतला, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती ताब्यात घेतली. त्यांनी शेरा बाजूला ठेवून मूळ कागद वाचला, रुग्णाला हात पुढे धरायला सांगितले आणि डॉक्टरांना बोलावले. पातळी बरीच चढलेली निघाली. गोळ्या थांबल्या, सलाईन सुरू झाले, रुग्ण वाचला. परंतु मधले सात तास गेले ते ज्ञानाच्या अभावाने गेले नाहीत. ज्ञान कागदावर लिहिलेले होते. ते कोणत्या वॉर्डातून आले हे पाहून ते हलके मानले गेले.

दोन विभागांतल्या परिचारिकांमधला मान हा म्हणूनच केवळ सभ्यतेचा प्रश्न नाही. रुग्णाची माहिती एका वॉर्डातून दुसऱ्यात जाते ती त्या मानाच्या वाटेने जाते. वाट बंद असेल तर माहिती दारातच अडते.

याला मोठ्या प्रमाणावरचाही दाखला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासणी-यादी दिली. तिच्यात गॉजची मोजदाद आहे, रुग्णाचे नाव आहे, आणि चीर देण्यापूर्वी उपस्थित प्रत्येकाने आपले नाव व काम मोठ्याने सांगावे, असाही एक मुद्दा आहे. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांत ती वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. हे सारे श्रेय नाव सांगण्याचे नाही, हे उघड आहे. परंतु जिचे नाव व काम सर्वांना ठाऊक आहे, तिला गरजेच्या वेळी तोंड उघडणे सोपे जाते, म्हणून तो मुद्दा तेथे आहे.

काय करता येईल?

आपल्या सीमाभागात हा प्रश्न जरा अधिक नाजूक होतो. रुग्ण मराठीत सांगतो, ओव्हर कन्नडमध्ये दिला जातो, नोंद इंग्रजीत होते, आणि पाळीवरची सिस्टर कदाचित केरळची असते. वॉर्डाच्या शिक्क्यात भाषेचा शिक्का मिसळला की गैरसमजाला दुप्पट बळ येते. म्हणून मी विद्यार्थ्यांना चार साध्या गोष्टी सांगते.

पहिली : प्रत्येक पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी तेथील अनुभवी परिचारिकेला विचारा, "तुमच्या वॉर्डात बिघाड सर्वांत आधी कशात दिसतो?" उत्तर वहीत लिहा.

दुसरी : रुग्ण सोपवताना चार भाग ठेवा. आता काय होत आहे, मागची हकिकत काय, मला काय वाटते, आणि तुम्ही काय करावे. तिसरा भाग गाळू नका, आणि दुसरीने तो सांगितला तर मध्ये तोडू नका.

तिसरी : दुसऱ्या वॉर्डातून मदतीला पाठवलेल्या सिस्टरला नावाने हाक मारा, औषधांचे कपाट आणि इमर्जन्सी ट्रॉली दाखवा, आणि सर्वांत जड रुग्ण तिच्याच गळ्यात मारू नका.

चौथी : चूक दिसली तर चुकीबद्दल बोला, वॉर्डाबद्दल नको. 'जखमेची पट्टी ओली राहिली होती' हे सांगता येते आणि सुधारता येते. 'त्या सर्जिकलवाल्या अशाच' याने पट्टी कोरडी होत नाही.

यातली तिसरी गोष्ट अमलात आणणे सर्वांत कठीण, असा माझा अनुभव आहे. कारण त्या वेळी वॉर्ड भरलेला असतो आणि माणसे कमी असतात. तरी तिच्यापासूनच आरंभ करावा. परकी सिस्टर तुमच्या वॉर्डात एक पाळी काढून परत जाईल, तेव्हा तुमच्या कामाविषयी चार खऱ्या गोष्टी सोबत नेईल. पुढच्या खेपेला तिचा फोन आला, तर तो पूर्ण ऐकून घ्या आणि ती सांगेल ते लगेच कागदावर उतरवा.