नीतिविचारात सुखदुःखाचे स्थान

नागपूर



सुख वाढवील ते चांगले आणि दुःख वाढवील ते वाईट, एवढे मानल्यावर नीतिशास्त्रात आणखी सांगण्याजोगे उरते तरी काय, हा चि. भाच्याच्या पत्रातील प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. जेरेमी बेंथॅम याने १७८९ मध्ये हे मत पद्धतशीर मांडले. एखाद्या कृत्याने होणारे सुख किती तीव्र, किती टिकाऊ, किती निश्चित आणि किती जणांच्या वाट्याला येणारे हे तोलावे, त्यातून दुःख वजा करावे आणि बाकी उरेल त्यावरून कृत्याची योग्यता ठरवावी, असे त्याचे म्हणणे होते. यालाच पुढे उपयुक्ततावाद हे नाव मिळाले. महाराष्ट्रात मिल व स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांच्या विचारांत मुरलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ पासून ‘सुधारका’तून बालविवाह आणि विधवांचे केशवपन यांवर प्रहार केले, तेव्हा शास्त्रवचनासमोर त्यांनी हाडामांसाच्या माणसाचे दुःख उभे केले, आणि एवढ्यासाठी तरी या मताचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

या मताची मराठीत झालेली सर्वांत कसून तपासणी लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’च्या चौथ्या व पाचव्या प्रकरणांत सापडते. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात अमेरिकेतील एका शहराचे उदाहरण दिले आहे. लोकांना ट्रामची निकड होती, मंजुरी रखडली होती, व्यवस्थापकाने लाच देऊन ती पदरात पाडून घेतली, ट्राम धावू लागली आणि सर्वांची सोय झाली. तरी पुढे लाचेचे प्रकरण उघडकीस आल्यावर त्याच्यावर खटला भरला गेला. नुसत्या परिणामांची बेरीज पाहिली तर त्याला दोषी ठरविणे अवघड जाते. म्हणून कर्त्याची बुद्धी, म्हणजे कृत्यामागचा हेतू, पाहिल्यावाचून नीतीचा निर्णय लागत नाही, असे टिळकांचे प्रतिपादन आहे. आक्षेप बिनतोड आहे, पण त्याची सारी नजर करणाऱ्यावर खिळलेली असून सोसणाऱ्याची बाजू त्यात अंधुक राहते, ही उणीव अभ्यासकाने विसरू नये.

ती बाजू समजण्यासाठी नागपूरहून वरोऱ्याला जाऊन बाबा आमटे व साधनाताई यांनी कुष्ठरोग्यांसाठी उभारलेले आनंदवन पाहावे. कुष्ठरोगाचे जंतू हातापायांच्या मज्जातंतूंवर घाला घालतात आणि तेथील संवेदना गेली की चुलीवरचा तापलेला गंज उघड्या हाताने उतरविणाऱ्याला चटका जाणवत नाही, चपलेतून वर आलेला खिळा दिवसभर पायात रुतून राहतो, आणि कळ न आल्यामुळे दुर्लक्षित राहिलेली जखम चिघळून बोटे गमावण्यापर्यंत पाळी येते. म्हणून अशा रुग्णाला हातपाय रोज पाण्यात भिजवून, तेल लावून, इंच न इंच डोळ्यांनी तपासायला शिकवितात. निरोगी माणसाला वेदना जी खबर आपोआप देते, ती त्याला नजरेने मिळवावी लागते. चटका बसला त्या घटकेला बेंथॅमच्या हिशेबात या हाताच्या नावावर दुःखाची नोंदच होत नाही, तरी हानी झालेली असते. उलट गावाने वेशीबाहेर काढल्याचे त्याच माणसाचे दुःख शरीरावर बोट ठेवून दाखविता येत नाही, आणि तेच बहुधा अधिक खोल जाते. यावरून असे म्हणावे लागते की वेदना ही हानीची साक्षीदार आहे, परंतु साक्षीदाराला न्यायाधीशाच्या आसनावर बसविता येत नाही. आनंदवनात शेती आणि हातमाग यांना औषधोपचाराइतकेच मोल दिले गेले, त्याचे कारणही हे वेशीबाहेरचे दुःखच असावे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाला दिलेले वळण याहून मूलगामी आहे, आणि ज्या नागपूर नगरीत १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी धम्मदीक्षा घेतली तेथे राहणाऱ्याने तर ते जाणून घेतलेच पाहिजे. त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत चार आर्यसत्ये मूळ बुद्धवचनातील आहेत काय, अशी शंका उपस्थित केली आहे. जीवन, मरण आणि पुनर्जन्म हे सारेच दुःख ठरले तर माणसाला आशेला जागा उरत नाही, अशी त्यामागची भूमिका होती. दुःख आहे हे त्यांनी सोडले नाही, मात्र माणसाने माणसावर केलेल्या अन्यायात त्याचे मोठे कारण दाखविले, आणि ते दूर करणे हेच धम्माचे प्रयोजन मानले. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये जो सत्याग्रह झाला त्याकडे या दृष्टीने पाहावे. तळे अस्पृश्यांना बंद ठेवण्यात गावातील बहुसंख्यांना समाधान वाटत होते असे धरले, आणि त्या समाधानाची बेरीज कितीही मोठी निघाली, तरी एकाची तहान दुसऱ्याच्या समाधानातून वजा करता येत नाही, कारण ती सोसणारा माणूस वेगळा आहे. सुखदुःखाच्या जमाखर्चाची खरी अडचण येथे आहे, आणि टिळकांच्या हेतुविचाराने ती पुरती सुटत नाही.

दिवाळीच्या सुटीत नागपुरास येण्यापूर्वी चिरंजीवाने टिळकांची ती दोन प्रकरणे आणि आंबेडकरांची प्रस्तावना लागोपाठ वाचावीत. उपयुक्ततावादाचा पुरस्कर्ता मिल याने १८६१ मध्ये सुखांत उच्च व हीन अशा प्रती मानून बेंथॅमची मोजपट्टी वाचविली की मोडली, याविषयीचे आपले मत चार पानांत लिहून आणावे. त्यासाठी मिलच्या उपयुक्ततावादावरील निबंधाचे दुसरे प्रकरण पुरेसे आहे.