काळे पाणी जळते कसे?



गुऱ्हाळावर चुलवाणात ओलं चिपाड घातलं तर काय होतं, हे आपणांस सांगायला नको. नुसता धूर, जाळ काही धरत नाही. कारण बरीच ऊब पाणी आटवण्यातच जाते. हाच हिशेब आज आपण जळणाऱ्या पाण्याला लावून पाहू.

कागदाच्या लगद्यासाठी लाकडाच्या चिपा कॉस्टिक सोडा व सोडियम सल्फाइडच्या द्रावात शिजवतात. धागा काढून घेतला की काळे पाणी उरते. त्याला 'ब्लॅक लिकर' म्हणतात. (नाव लिकर, पण पिण्याचे नव्हे बरं का!) लाकडाचा जवळजवळ निम्मा भाग त्यात विरघळलेला असतो. तरी ते तसेच पेटत नाही, कारण घनपदार्थ शेकडा १५ च्या आसपासच असतात. आपण उसाचा रस आटवतो तसे ते शेकडा ६५ ते ८० पर्यंत आटवून भट्टीत फवारतात.

भट्टीत थेंब आधी सुकतो. मग त्यातून वायू सुटून पेटतात आणि थेंब लाहीसारखा फुगतो. शेवटी उरलेला कोळसा जळतो. सोड्याचे क्षार वितळून तळाशी साचतात. त्यांवर पाणी पडले तर स्फोट होतो. म्हणून शेकडा ५८ पेक्षा पातळ लिकर भट्टीत सोडायचे नाही, असा अमेरिकेतील बॉयलरचालकांचा दंडक आहे. अशा रीतीने वाफ मिळते आणि सोडाही परत मिळतो.

आता आसवनीकडे वळू. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. तो ओढ्याला गेला तर मासे मरतात, विहिरी नासतात. तोही शेकडा ६० पर्यंत आटवून, बगॅस किंवा कोळशाच्या जोडीने खास बॉयलरमध्ये जाळता येतो. फरक इतकाच, की इथे राखेत सोड्याऐवजी पालाश जास्त. तो लवकर वितळून नळ्यांना चिकटतो. नळ्या वरचेवर साफ ठेवाव्या लागतात.

पण हा पालाश आला कुठून? उसाने आपल्याच रानातून उचललेला! मळीपासून मिळणाऱ्या, शेकडा १४.५ पालाश असलेल्या खताला केंद्र सरकारने २०२१ मध्ये अनुदान योजनेत घेतले.

तेव्हा आसवनी असलेल्या कारखान्याच्या सभासदांनी वार्षिक सभेत दोन प्रश्न जरूर विचारावेत: स्पेंटवॉश किती आटवला, आणि राख कुठे गेली? रानातलं रानात परत आलं, तरच हिशेब जुळला म्हणायचा.